सही कर, पण दुसरी मागणी खोडून

ताई,

मी खानापूर तालुक्यातली. पहिलीपासून एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकले. पीयूसी (अकरावी-बारावी) आर्ट्समधून केलं आणि आता बेळगावातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. विषय अर्थशास्त्र आणि इतिहास. रोज बसनं जाऊन-येऊन करते.

कॉलेजच्या माहितीपत्रकात माध्यम इंग्रजी असं छापलंय. अर्थशास्त्राचे सर पहिली पाच मिनिटं इंग्रजीत बोलतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘कन्नडदाग हेळ्री सर’ (कन्नडमध्ये सांगा सर), आणि पुढचा सगळा तास कन्नडमध्ये जातो. मला बसमधलं, बाजारातलं कन्नड येतं, शाळेत विषयही होता. पण मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे कन्नडमधून सांगायला लागले की सगळं डोक्यावरून जातं. इंग्रजी पुस्तक उघडलं तरी तेच. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापलेली असते, उत्तरं मी मोडक्या इंग्रजीत लिहिते. शाळेत मी पहिल्या पाचात असायचे, गेल्या सेमिस्टरला अर्थशास्त्रात कशीबशी पास झाले.

वर्गात मराठी शाळेतून आलेले आम्ही नऊजण आहोत. त्यातल्या काहींनी विद्यापीठाला द्यायला निवेदन लिहिलंय. त्यात दोन मागण्या आहेत. एक, पदवीला मराठी माध्यम सुरू करा. दोन, वर्गात कन्नडमधून शिकवणं बंद करा. माझी सही मागतायत. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात आहेत, म्हणून भीती वाटते. शिवाय माझी जवळची मैत्रीण गोकाककडच्या खेड्यातली आहे. ती म्हणाली, ‘सरांनी कन्नड बंद केलं तर मी नापास होईन.’ तिला काय सांगू?

आई म्हणते, कोल्हापूरला जा. मी कन्नडचा क्लास लावते म्हटलं तर काका म्हणाले, ‘आज्जानं यासाठी लाठ्या खाल्ल्या काय?’ मला एम.ए. करून प्राध्यापक व्हायचंय. मी काय करू?

— एक विद्यार्थिनी

*

प्रिय मैत्रिणी,

काकांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुझे बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यामागं अडून बसलेत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली आणि इथली मराठी माणसं आपल्याच घरात बसल्या बसल्या अल्पसंख्याक झाली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. ज्या घरानं हे पाहिलंय, त्या घरातली मुलगी ‘कन्नडचा क्लास लावते’ म्हणाली तर कुणाच्या तरी पोटात कालवणारच. काकांवर रागावू नकोस. त्यांना एवढंच विचार, की आज्जा कन्नड बोलत होते की नाही? माझी खात्री आहे, बोलत होते. बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर सीमाभागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा वापरत आलीत. आज्जा ज्यासाठी रस्त्यावर उतरले, ती होती सक्ती. वर्गात काय चाललंय ते कळावं म्हणून त्यांची नात आपल्या मनानं एक भाषा शिकते, यात कुणाशीही गद्दारी होत नाही. क्लास लाव. या महिन्यातच लाव.

आता तुझ्या वर्गाकडे बघू, कारण खरा गुंता तिथंच आहे.

सर तासाला इंग्रजीनं सुरुवात करतात, कारण कागदावर माध्यम इंग्रजी आहे. पाच मिनिटांत ते कन्नडवर येतात, कारण समोरच्या मुलांना इंग्रजी कळत नाही. ही मागच्या बाकावरची मुलं कोण? गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडच्या गावांतली. बारावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली, बरीचशी घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. ती ‘कन्नडदाग हेळ्री सर’ म्हणतात तेव्हा तुला ऐकू येतं, की आता मी बाहेर पडले. पण ती मुलं तेच मागतायत जे तुला हवंय: मला कळेल अशा भाषेत सांगा. त्यांची मागणी आणि तुझी मागणी एकच आहे. त्यांची संख्या जास्त, म्हणून त्यांची पुरी होते. तुम्ही नऊजण, म्हणून तुमची राहते.

हे मी सरांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. तुमचं नुकसान खरं आहे. माहितीपत्रकात एक माध्यम छापायचं, त्यावर प्रवेश द्यायचे आणि शिकवायचं दुसऱ्याच भाषेत, ही चूक आहे आणि तिची जबाबदारी कॉलेजवर आहे. नऊ मुलांचं नुकसान साठ मुलांच्या नुकसानापेक्षा हलकं ठरत नाही. पण अडचण कुठून आली हे नीट ओळखलं नाही तर उपाय चुकतो. त्या वर्गात ज्या भाषेत परीक्षेचा आणि पुस्तकांचा कारभार चालतो ती इंग्रजी कुणाचीच नाही. सरांनी त्यावर स्वतःपुरती वाट काढली, ती बहुसंख्यांच्या सोयीची निघाली. विद्यापीठानं यावर काही ठरवलेलंच नाही, सगळं एकट्या शिक्षकावर सोडून दिलंय. निवेदनाचा रोख तिकडं हवा.

म्हणून तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. तुमची दुसरी मागणी, कन्नडमधून शिकवणं बंद करा, मान्य झाली तर तुम्हा नऊजणांना काय मिळेल? इंग्रजीतला तास, जो तुम्हालाही कळत नाही. आणि ती मात्र खरोखर नापास होईल. अशा मागणीवर सही करू नकोस.

आता कायद्याचं. निवेदन लिहिणाऱ्या मुलांनी ‘घटनेनं दिलेला हक्क’ असं काहीतरी त्यात घातलं असणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपला हक्क नेमका कुठवर पोचतो हे माहीत नसलं की समोरचा अधिकारी एका वाक्यात गप्प करतो.

घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलतं, पण प्राथमिक टप्प्यापुरतंच. पदवीला ते लागू होत नाही. कलम २९ आपली भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क देतं. कलम ३० भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे कर्नाटकात मराठी भाषिक अल्पसंख्याक आहेत, त्याबद्दल कुणी वाद घालू शकत नाही.

विद्यापीठाच्या माध्यमावरचा एक जुना निकाल तुला मुद्दाम सांगते, कारण त्यातला विद्यार्थी आपल्यासारखाच मराठी होता. मार्च १९६० मध्ये तो मराठी माध्यमातून एसएससी झाला, अहमदाबादच्या एका कॉलेजात गेला आणि इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसला. पुढच्या वर्षी त्याला इंग्रजीतून शिकू देईनात. गुजरात विद्यापीठानं गुजराती, आणि गुजराती नसलेल्यांसाठी पर्याय म्हणून हिंदी, एवढंच ठेवलं होतं. वडील कोर्टात गेले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की एकच भाषा एकमेव माध्यम म्हणून लादायचा अधिकार त्या विद्यापीठाला त्याच्या कायद्यानं दिलेलाच नाही. त्या मुलानं मराठी माध्यम मागितलं नव्हतं, हे लक्षात घे. जे लादलं जात होतं त्यातून त्याला सुटका हवी होती, आणि ती मिळाली.

दुसरा निकाल १९७१ चा, पंजाबातला. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठानं संलग्न कॉलेजांना पंजाबी हेच एकमेव माध्यम केलं. डी.ए.व्ही. कॉलेज त्याविरुद्ध गेलं. अल्पसंख्याकांनी चालवलेल्या कॉलेजवर अशी एकच भाषा लादता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. राज्याच्या भाषेचा विकास करायचा विद्यापीठाचा अधिकार मात्र न्यायालयानं मान्यच केला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे त्या निकालातून शिकण्यासारखं आहे.

तिसरा तर कर्नाटकाचाच. प्राथमिक शाळेत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम हवं, असा १९९४ चा सरकारी आदेश होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो रद्द ठरवला. सरकारनं माध्यम लादू नये, पालकांनी निवडावं. फायदा झाला इंग्रजी शाळांचा. मराठी शाळांना त्यातून एकही शिक्षक जास्तीचा मिळाला नाही. आणि २०२१ साली राज्य सरकारनं पदवीला कन्नड विषय सक्तीचा केला, तेव्हा त्या डिसेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन ती सक्ती थांबवली.

या सगळ्या निकालांचा कल सारखाच दिसतो. ‘आमच्यावर लादू नका’ म्हणायला गेलात तर न्यायालय ऐकतं. ‘आमच्या भाषेत शिकवा, त्यासाठी शिक्षक नेमा’ म्हणायला गेलात तर पदवीच्या पातळीवर हातात फारसं काही नाही. ते पटवून, मागे लागून, सोय दाखवून मिळवावं लागतं. त्यातही एक वाट आहे. तुझं कॉलेज चालवणारी संस्था मराठी भाषकांनी स्थापन केलेली आहे का, तिला भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे का, हे आधी शोध. असेल तर पहिलं निवेदन विद्यापीठाकडे न्यायचं कारण नाही, ते संस्थेच्या कार्यकारिणीकडे न्या. कलम ३० चं बळ संस्थेकडे असतं, तिनं ते वापरायला हवं.

तर पहिली मागणी, मराठी माध्यम सुरू करा. मला ती मनापासून हवीहवीशी वाटते. आणि ‘पदवीला मराठी शक्यच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेनं २०२१ मध्ये आठ भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही. महाराष्ट्रात बी.ए.चं अर्थशास्त्र कित्येक वर्षं मराठीतून शिकवलं जातंय, त्याची पुस्तकं आहेत. पण तुझ्या कॉलेजात माध्यम सुरू करणं म्हणजे काय, याचा विचार कर. त्या विषयाला मराठीतून शिकवणारा वेगळा शिक्षक, मराठीत प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरपत्रिका तपासणारा, आणि हे सगळं सहा सेमिस्टर. नऊ मुलांसाठी हे तुझी डिग्री संपायच्या आत होणार नाही. ही मागणी निवेदनाच्या शेवटी ठेवा, दीर्घ पल्ल्याची म्हणून. वर जे लगेच होऊ शकतं ते लिहा.

लगेच काय होऊ शकतं? एक तर मराठीतून उत्तरं लिहायची मुभा. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांनी सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं होतं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषांतून उत्तरं लिहू द्या. ते पत्र बंधनकारक नाही, सूचना आहे. पण निवेदनात त्याचा उल्लेख असला की तुमची मागणी आडमुठी ठरवता येत नाही. यातली खरी अडचण तपासनिसाची आहे. उत्तरपत्रिका ज्याच्या हातात पडेल त्याला मराठी वाचता यायला हवं. म्हणून नुसतं ‘परवानगी द्या’ लिहून थांबू नका. बेळगावातल्या कॉलेजांत अर्थशास्त्र आणि इतिहास शिकवणारे मराठी जाणणारे प्राध्यापक कोण आहेत, याची माहिती काढा आणि मराठी उत्तरपत्रिका वेगळ्या गठ्ठ्यात काढून अशा तपासनिसांकडे द्याव्यात असं सुचवा. हे काम विद्यापीठात कुलसचिव (मूल्यमापन) यांच्याकडे येतं, आणि कायमचा नियम करायचा तर विद्या परिषदेत जातं. पत्र या दोघांच्या नावानं हवं, मोघम ‘विद्यापीठ प्रशासन’ लिहिलं की ते टेबलांवरून फिरत राहतं.

दुसरं, वर्गातलं. सरांनी कन्नडमधून समजावून सांगावं, पण मुख्य संज्ञा इंग्रजीत फळ्यावर लिहाव्यात आणि तासाच्या शेवटी दहा मिनिटं सोप्या इंग्रजीत आढावा घ्यावा. आठवड्यातून एक जादा तास मराठी जाणणाऱ्या शिक्षकाकडून मिळावा, आपल्या कॉलेजातला नसेल तर शेजारच्या कॉलेजातला. आणि कन्नड-मराठी दोन्हीकडच्या मुलांसाठी इंग्रजी सुधारायचा वर्ग. यातलं पहिलं आणि शेवटचं तुझ्या मैत्रिणीच्याही उपयोगाचं आहे. तिनं उत्तरं कन्नडमध्ये लिहिली तरी पुढच्या पुस्तकांना, पुढच्या परीक्षांना इंग्रजी लागणारच आहे. तेव्हा तिला निवेदन वाचायला दे आणि तिचीही सही माग. तिच्यासोबत आणखी दहा कन्नड मुलांच्या सह्या आल्या तर या कागदाला ‘भाषावाद’ म्हणून बाजूला सारणं प्राचार्यांना जड जाईल. बेळगावात भाषेचा विषय निघाला की लोक आधी झेंडे मोजतात. तुमच्या कागदावर दोन्हीकडची नावं असू द्यात.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्या शाळांतली मुलं कॉलेजात आली की मराठीच्या वर्गात तुझ्यासारखीच गोंधळून बसतात. आपण बेळगावात जे मागतो ते जतच्या मुलाला मिळायला हवं, असं म्हणायची आपली तयारी हवी. निवेदन लिहिणाऱ्या मुलांना हे जरूर सांग. एखादा पत्रकार किंवा अधिकारी हा प्रश्न तुम्हाला हटकून विचारेल, आणि तेव्हा उत्तर अडखळता कामा नये.

विद्यापीठाकडून काहीच उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. विचारायचं एवढंच: पदवी परीक्षेत कोणत्या भाषांतून उत्तरं लिहायची मुभा आहे, आणि तो निर्णय कोणत्या ठरावानं झाला. पुष्कळदा नियमात असलेली सवलत कॉलेजपर्यंत पोचलेलीच नसते. त्यापलीकडे भाषिक अल्पसंख्याकांचे आयुक्त आहेत, घटनेच्या कलम ३५० ब नुसार नेमलेले. त्यांचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात, संसदेपुढे ठेवले जातात. तिथं तक्रार जरूर करा, मात्र तुझ्या सहाव्या सेमिस्टरच्या आत तिकडून काही हालेल, अशी आशा धरू नकोस.

कोल्हापूरचं. आईची काळजी मला समजते, पण आत्ता जाऊ नकोस. तिसऱ्या सेमिस्टरला विद्यापीठ बदललं तर विषय जुळवताना, क्रेडिट मान्य करून घेताना वर्ष वाया जायची शक्यता मोठी, वर वसतिगृहाचा खर्च. बी.ए. इथं पूर्ण कर. एम.ए.ला शिवाजी विद्यापीठाचा विचार जरूर कर. सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाच्या सवलती आहेत. त्या यादीत तुझं गाव आहे का ते बघ आणि लागणारे दाखले आत्तापासून जमवायला लाग, ऐन वेळी तलाठ्याकडे खेटे घालायला लागू नयेत.

पण प्राध्यापक व्हायचंय म्हणतेस, तर पुढचंही आजच माहीत असू दे. प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा, विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) नेट, भाषाविषय सोडले तर इंग्रजी आणि हिंदीत असते. तशीच राज्यपातळीवरची, महाराष्ट्राची सेट मराठी आणि इंग्रजीत असते, पण तिच्यावर महाराष्ट्र आणि गोव्यातच नोकरी मिळते. कर्नाटकची के-सेट इंग्रजी आणि कन्नडमध्ये. म्हणजे उद्या तुला बेळगावातच, आपल्या माणसांत राहून शिकवायचं असेल, तर इंग्रजी पक्कं हवं आणि कन्नड कामापुरतं तरी हवं. मराठीतून विषय समजून घे, तो तुझा हक्क आणि तुझी ताकद आहे. पण इंग्रजीशी तडजोड करून चालणार नाही. नाहीतर निवेदन जिंकशील आणि नोकरीच्या दारात अडशील.

आणि या सेमिस्टरला काय करायचं, तर असं कर. धडा आधी मराठीत वाच. कोल्हापूर-पुण्याकडची बी.ए.ची मराठी पुस्तकं मिळव, जुनी असली तरी चालतील, मागणी-पुरवठा काही बदललेला नाही. इतिहासासाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही इंटरनेटवर शोधता येतात, त्यात अर्थशास्त्राचा आहे. इंग्रजी संज्ञा टाकली की मराठी मिळते. विषय डोक्यात बसला की मगच इंग्रजी पुस्तक उघड. उत्तर लिहिताना लांब वाक्यांच्या नादी लागू नकोस. व्याख्या, सूत्र, आकृती, एक आकडेमोड, दोन ओळी निष्कर्ष. किंमत दहा टक्क्यांनी वाढली आणि मागणी वीस टक्क्यांनी घटली, तर लवचिकता दोन. हे ज्याला कळलं त्याच्या मोडक्या इंग्रजीचे मार्क तपासनीस फार कापत नाही, आणि आकृतीला तर भाषा लागतच नाही. अर्थशास्त्र घेतलंयस हे या बाबतीत तुझं नशीब समज. इतिहासाला मात्र वाक्यंच लिहावी लागतात, तिथं रोज एक उत्तर लिहून कुणाकडून तरी तपासून घेण्याला पर्याय नाही.

मैत्रिणीशी एक करार कर. सरांनी कन्नडमध्ये जे सांगितलं ते तिनं त्याच दिवशी तुला सावकाश पुन्हा सांगायचं. तू ते ऐकून दोन-चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहून तिला द्यायचं. तुझं कन्नड सुधारेल, तिचं इंग्रजी. क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं, तरी क्लासही सोडू नकोस.

राहिली इंटर्नलच्या मार्कांची भीती. ती बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही, पण ती कमी करता येते. निवेदन जायच्या आधी सरांना भेट. एकटी नको, तिघीचौघी मिळून, मैत्रिणीलाही घेऊन. सांग, ‘सर, तुमचं शिकवणं बंद व्हावं असं आमचं म्हणणं नाही. आम्हाला तास कळत नाही, म्हणून या चार गोष्टी मागतोय. तुम्ही यात काही बदल सुचवा.’ पाच मिनिटांत भाषा बदलावी लागते याचा त्रास त्यांनाही होत असेल. कदाचित तेच सांगतील की विभागप्रमुखांचं पत्र जोडा. नाहीच ऐकलं, तरी कागद त्यांच्या पाठीमागं गेला असं होणार नाही.

मग नव्यानं मसुदा लिहा. दुसरी मागणी काढा, पहिली शेवटी न्या, या नव्या चार वर घ्या. सह्या गोलाकार करा, म्हणजे पहिली कुणाची हा प्रश्न उरत नाही. दोन प्रती न्या, एक प्राचार्यांच्या कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

तुझी,
ताई